घरच्या गाण्याच्या व्हिडिओचे संकलन आणि बारावीनंतरची निवड

स. न. वि. वि.

आपला मुलगा बारावी वाणिज्य शाखेत असून, मित्राने स्वतः रचून ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्याचे चित्रीकरण त्याने मित्रांसह भांडुपमधील आपल्या इमारतीच्या गच्चीवर आणि जिन्यात मोबाइलवर केले आणि आता रोज रात्री जागून तो त्या फुटेजचे संकलन (एडिटिंग) करत बसतो, असे आपण कळवले आहे. हा छंद समजावा की व्यवसायाची सुरुवात, आणि एका खासगी संस्थेच्या तीन महिन्यांच्या महागड्या अभ्यासक्रमाची फी भरावी का, हे आपले प्रश्न आहेत.

तयार व्हिडिओ आवडला किंवा नावडला, एवढ्यावरून निर्णय घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. एका सुट्टीच्या दिवशी त्याच्या शेजारी बसा आणि एखाद्या ठिकाणी शॉट का बदलला, एवढेच विचारा. गाण्याची लय मिनिटाला 100 ठोक्यांची असेल, तर सेकंदाला 25 फ्रेमच्या (म्हणजे 25 स्थिर चित्रांच्या) चित्रणात दर 15 फ्रेमनंतर ठोका येतो आणि नवशिका संकलक नेमका त्या प्रत्येक ठोक्यावर कट देतो. थोड्याच वेळात पाहणाऱ्याला पुढचा कट आधीच कळू लागतो आणि गाणे यांत्रिक वाटते. गायकाने श्वास घेतला म्हणून थांबलो, किंवा ओळ पूर्ण होईपर्यंत त्याचा चेहरा सोडवेना, असे उत्तर मिळाले, तर मुलाला संकलनाची नजर आहे असे मी म्हणेन. त्याचे सगळे बोलणे इफेक्ट आणि रंगांभोवतीच फिरत असेल, तर तोही चांगला कल आहे, मात्र तो मोशन ग्राफिक्सकडे, म्हणजे हलती अक्षरे आणि आकृत्या रचण्याच्या कामाकडे, नेणारा आहे.

चित्रात काळ्या पट्ट्या सरकतात आणि शेवटाकडे ओठ गाण्याच्या मागे पडतात, म्हणून तो हताश झाला आहे, असेही आपण लिहिले आहे. यात त्याची कुवत कमी पडलेली नाही. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने जिन्यातल्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळला नाही की पट्ट्या दिसतात. पुढच्या वेळी सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर (एक फ्रेम टिपण्याचा वेळ) ठेवल्यास पट्ट्या बहुधा जातील. मोबाइल बहुतेकदा फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, त्यामुळे लांब टेक मूळ ध्वनिमुद्रणापासून हळूहळू सरकतो; संकलनाआधी फुटेज स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावे.

यानंतर त्याला त्याच फुटेजची दुसरी आवृत्ती करायला सांगा, पण या वेळी गायक मित्राच्या सूचनांप्रमाणे, मुलाला स्वतःला सर्वांत आवडलेला शॉट काढून टाकावा लागला तरी. अंधेरी-ओशिवऱ्यातील एडिट रूममध्ये साहाय्यकाची सुरुवातीची वर्षे कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांतील फुटेज उतरवणे, त्याच्या प्रती ठेवणे, नावे देणे, आवाज जुळवणे यांत जातात आणि अंतिम निर्णय दिग्दर्शकाचा किंवा ग्राहकाचा असतो. ही दुसरी आवृत्ती तो चिडचिड न करता पूर्ण करतो का, याला मी पहिल्या व्हिडिओपेक्षा अधिक महत्त्व देईन.

शिक्षणाबाबत सांगायचे तर वाणिज्य शाखा सोडण्याचे कारण नाही. पुण्याच्या एफटीआयआयमधील (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी पदवी लागते आणि ती कोणत्याही शाखेची चालते. संकलनासाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या रेणू सलुजा तिथेच शिकल्या. पदवीच माध्यमविषयक हवी असेल, तर मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील बीएएमएमसी (मल्टिमीडिया आणि जनसंज्ञापन) या पदवीचा विचार करता येईल. तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाची फी मात्र सध्या भरू नये. अशा वर्गांत मुख्यतः सॉफ्टवेअर हाताळणे शिकवतात आणि ते दाविंची रिझॉल्व या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर घरीच शिकता येते. त्याऐवजी चांगले हेडफोन आणि एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन द्या.

बोर्डाची परीक्षा जवळ आहे, म्हणून फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवून प्रकल्प तेवढ्यापुरता बंद करायला सांगावे. परीक्षा संपल्यावर त्याला दोन्ही आवृत्त्या घेऊन माझ्याकडे पाठवा. न वापरलेले टेकही सोबत असू द्यावेत.