कंट्री संगीत आणि ग्लासगोची रोझ-लिन

प्रश्न : ‘वाइल्ड रोझ’ या स्कॉटिश संगीतिकेची नायिका ग्लासगोची असूनही अमेरिकन कंट्री गाणी (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेली लोकप्रिय गाणी) का गाते? गाण्यांच्या झगमगाटात एकट्या आईच्या हालअपेष्टा झाकल्या जात नाहीत का?

उत्तर : निकोल टेलर यांनी स्वतःच्याच २०१८च्या चित्रपटकथेवरून लिहिलेली ही संगीतिका जॉन टिफनी यांच्या दिग्दर्शनाखाली २०२५मध्ये एडिनबरोच्या रॉयल लायसियम थिएटरमध्ये प्रथम सादर झाली. कष्टकरी ग्लासगोला कंट्री संगीताची आवड जुनीच आहे. तिथे ‘ग्रँड ओल ऑप्री’ नावाचा कंट्री संगीताचा क्लबही आहे, त्यामुळे नायिका रोझ-लिनचा हा ध्यास उसना वाटत नाही.

दुसऱ्या शंकेबाबत माझे मत स्पष्ट आहे. इथे वास्तव झाकले जात नाही, उलट गाण्यांमुळेच ते अधिक टोचते. रोझ-लिन तुरुंगातून नुकतीच सुटली आहे आणि तिच्या घोट्याला पाळतीचा इलेक्ट्रॉनिक पट्टा असल्याने तिला रात्री घराबाहेर पडण्यास बंदी आहे. गाण्याचे कार्यक्रम मात्र नेमके रात्रीच असतात. कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतील नॅशव्हिल शहराची स्वप्ने पाहत ती एका श्रीमंत घरात साफसफाई करते. मुलांना दिलेला शब्द ती मोडते, तेव्हा लेखिका तिला पाठीशीही घालत नाही आणि वाईट आई म्हणून हिणवतही नाही, हा मला या कथेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. तिची आई मॅरियनही केवळ सोशिक आजी नाही. लेकीला जबाबदारीवरून खडसावणारी हीच बाई पुढे आपली साठवलेली पुंजी नॅशव्हिलच्या प्रवासासाठी तिच्या हातात ठेवते.