स्कॅन सहा सेकंदात संपला, खूश व्हायचं का?

प्रश्न: आमच्याकडे वेब ॲपच्या ऑटोमेटेड सिक्युरिटी टेस्टचा जुना प्रोजेक्ट आहे. बिल्ड अँट या टूलवर, टेस्ट जेबिहेवच्या (साध्या भाषेतल्या पायऱ्यांवरून टेस्ट चालवणारं टूल) स्टोरी फाइल्समध्ये, सेलेनियम आपोआप ब्राउझर चालवतो आणि ब्राउझर व ॲपच्या मधे झॅप हा सिक्युरिटी स्कॅनर प्रॉक्सी म्हणून बसलेला असतो. गेल्या महिन्यात बिल्ड ग्रेडलवर आणि टेस्ट कुकंबरवर नेल्या. पहिल्या रनला ४० मिनिटं लागली, आधी झॅपचे ११ अलर्ट (सापडलेल्या त्रुटी) यायचे तिथे ३च आले आणि तेही लो लेव्हलचे, त्यामुळे पास. दुसरा रन तर ६ सेकंदात पास! टीम म्हणते ग्रेडल फास्ट आहे. मला पटत नाहीये. परत अँटवर जावं का?

उत्तर: पटत नाहीये ना, बरोबर आहे तुमचं. परत जायची गरज नाही, पण ते ६ सेकंद म्हणजे स्पीड नव्हे, टेस्ट चाललीच नाही.

ग्रेडल आधी टास्कचे (बिल्डमधल्या एकेका कामाचे) इनपुट बघतं, म्हणजे तुमचा कोड, लायब्ररी, फीचर फाइल्स (कुकंबरच्या टेस्ट लिहिलेल्या फाइल्स), आणि त्यात काहीच बदललं नसेल अन् मागचा रन पास असेल तर अप-टू-डेट असा शेरा मारून पुढे निघून जातं. युनिट टेस्टला हे मस्तच. पण तुमचं खरं इनपुट बाहेर सर्व्हरवर चालणारं ॲप आहे, ते रोज बदलतं आणि ग्रेडलला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून त्या टेस्ट टास्कला अप-टू-डेट चेक कायमचा फॉल्स करून टाका. घाईत असाल तर आधी क्लीनटेस्ट टास्क (मागच्या टेस्टचा निकाल पुसणारा) चालवून मग टेस्ट चालवा.

अजून एक, टार्गेटची यूआरएल कमांड लाइनवर डॅश-डी (-D) ने देत असाल तर ती ग्रेडलच्या प्रोसेसपाशीच थांबते, टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये (जावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये) चालतात. टेस्ट टास्कमध्ये ती सिस्टम प्रॉपर्टी म्हणून पुढे द्या, नाहीतर कोडमधली डिफॉल्ट यूआरएल स्कॅन होत राहील, आणि तो सर्व्हर कुणाचा असेल देव जाणे.

आता ११ चे ३ कसे झाले. इथे मला संशय कुकंबरवर आहे. जेबिहेवमध्ये स्टेप क्लासचे (टेस्टच्या पायऱ्यांमागचा कोड) ऑब्जेक्ट सहसा एकदाच बनवून रजिस्टर करतात, तेच पुढच्या सिनारिओंनाही (एकेका टेस्ट केसलाही) मिळतात, त्यामुळे पहिल्या सिनारिओत लॉगिन करून कुकी फील्डमध्ये ठेवली की पुढे सगळीकडे सापडते. कुकंबर प्रत्येक सिनारिओला नवा ऑब्जेक्ट बनवतं. म्हणजे तुमचा स्कॅनचा सिनारिओ बहुतेक लॉगिनशिवायच पळतोय आणि झॅपला लॉगिन पेजच्या पलीकडचं काही दिसतच नाहीये, मग अलर्ट येणार कुठून. बरेच जण इथे पिकोकंटेनर (क्लासेसमध्ये ऑब्जेक्ट वाटून देणारी लायब्ररी) लावतात, पण ते एका सिनारिओच्या आतल्या क्लासेसमध्येच शेअर करतं, दोन सिनारिओंमध्ये नाही. लॉगिन फीचर फाइलच्या बॅकग्राउंड भागात (प्रत्येक सिनारिओआधी चालणाऱ्या पायऱ्या) टाका म्हणजे प्रत्येक सिनारिओ स्वतःच्या पायावर उभा राहील. फक्त झॅप सुरू करणं तेवढं स्टॅटिक (सगळ्या सिनारिओंसाठी एकदाच) ठेवा, दर वेळी तो उठायची वाट कोण बघणार. आणि कुकंबरचं जुनं व्हर्जन असेल तर स्ट्रिक्ट मोड चालू आहे ना बघा, नाहीतर स्टेपची डेफिनिशनच (तिच्यामागचा कोड) सापडली नाही तरी बिल्ड पास होतो.

खरं सांगू का, दोन्ही टूल एकदम बदलायला नको होती. अजूनही एका ब्रँचमध्ये जुन्या जेबिहेवच्या स्टोरी तशाच ग्रेडलवर चालवून बघा. तिथे ११ आले तर लोचा कुकंबरच्या बाजूला, नाही आले तर ग्रेडलच्या. नुसता आकडा बघू नका हं, कुठल्या यूआरएलवर कुठला अलर्ट ते जुळवा.

आणि मुद्दाम भोकं ठेवलेलं एखादं ॲप, ज्यूस शॉप किंवा वेबगोट, टार्गेट म्हणून रोजच्या बिल्डमध्ये लावून ठेवा. त्यावरचा स्कॅन ज्या दिवशी पास होईल त्या दिवशी बिल्ड फेल करायचा.