वल्हांडण : वल्ह्याचे की उंबऱ्याचे?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका वाचकाने विचारले आहे : "गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या काकूंबरोबर चर्चमध्ये गेलो होतो. पाळकसाहेबांच्या बोलण्यात 'वल्हांडण' हा शब्द निदान दहा वेळा आला. इस्राएल लोक तांबडा समुद्र पार करून सुटले, तेव्हा हा शब्द वल्ह्यावरून आला असावा का? आणि आमची आजी 'उंबरा वलांडू नगंस' म्हणायची, त्याच्याशी याचं काही नातं?"

वल्हांडण म्हणजे इस्राएल लोकांच्या, म्हणजे ज्यूंच्या, मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा सण. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही, दुसऱ्याचे होय. आजी बरोबर होती.

वल्ह्यावरून क्रियापद होते 'वल्हवणे'. त्यातून 'वल्हांडण' निघायचे कारण नाही. शिवाय त्या समुद्राच्या गोष्टीत वल्हीच नाहीत. पाणी दुभंगले आणि लोक कोरड्या जमिनीवरून चालत गेले, असे बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात आहे. वल्हांडण तर त्याच्याही आधीचे, मिसर देशातल्या शेवटच्या रात्रीचे.

ओलांडणे, वलांडणे, वल्हांडणे ही एकाच क्रियापदाची रूपे. सुरुवातीचा 'ओ' आणि 'वो' आपल्याकडे पूर्वीपासून अदलाबदल करतात. जुन्या पोथ्यांत 'ओवी'ची 'वोवी' असते, ती आठवा. मधल्या 'ल्ह'बद्दल कोल्हापूरकराला मी काय सांगणार! क्रियापदाला 'ण' लागून दळण, कांडण, सारवण होते, तसेच वल्हांडण. बोलीतून हा शब्द मागे सरला, धर्मग्रंथात टिकून राहिला. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. तेव्हापासूनचा हिशेब धरला तरी इथल्या ख्रिस्ती घरांत हा शब्द पाच-सहा पिढ्या तरी नांदत असणार.

आता खरी गंमत. ओलांडले कोणी?

आपण गृहीत धरतो की लोकांनी ओलांडले : गुलामगिरी, सीमा, समुद्र. पण वाक्याचा कर्ता लोक नव्हेत, परमेश्वर आहे. प्रत्येक घराने एक वर्षाचे, खोट नसलेले नर कोकरू दहाव्या दिवशी निवडून ठेवायचे, चौदाव्या दिवशी संध्याकाळी कापायचे आणि त्याचे रक्त एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचे. (आपले सुतार ज्या जागी गणेशपट्टी बसवतात, तीच ही जागा.) त्या रात्री मिसरातले पहिले जन्मलेले मरणार होते. रक्त दिसेल ते घर परमेश्वर ओलांडून पुढे जाणार होता. माणसे घरात बसून होती, चौकट ओलांडायलाच त्यांना मनाई होती.

मराठी कानाला हे जरा खटकते. आपल्याकडे ओलांडण्याचे बरेच अर्थ अवघडलेले आहेत. मर्यादा ओलांडली म्हणजे चुकलेच. निजलेल्या पोराला ओलांडू नये, उंची खुंटते म्हणतात. नवी सून माप ओलांडून येते तेवढाच एक मंगल प्रसंग चटकन आठवतो. इथे मात्र ओलांडले जाणे हेच वाचणे. म्हणून वल्ह्याची व्युत्पत्ती मला नुसती चूक वाटत नाही, ती अर्थच उलटा करते. वल्हे म्हटले की सुटकेला माणसाचे दंड लागले. या शब्दात माणसाच्या वाट्याला येते ते दारावर खूण करून आत थांबणे. किंमत कोकराने मोजलेली असते. प्रेषित पौल करिंथ गावातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना ख्रिस्तालाच वल्हांडणाचा यज्ञपशू म्हणतो, तो याच धाग्याने.

मूळ हिब्रू शब्द 'पेसाह'. त्याच अक्षरांच्या धातूला लंगडण्याचाही अर्थ आहे आणि 'पिसेआह' म्हणजे लंगडा. एक घर सोडून पुढच्यावर उडी, असे चित्र डोळ्यांपुढे येते, अगदी आपल्या लंगडीच्या खेळातले. पण बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात हाच धातू पिलांवर घिरट्या घालणाऱ्या पाखरांच्या उपमेत, यरुशलेमेच्या रक्षणासाठी येतो. त्यामुळे काही अभ्यासक 'ओलांडून जाणे' ऐवजी 'वर पंख धरून राखणे' असा अर्थ लावतात. मला तो आवडतो, पण आपल्या मराठी शब्दात तो मावत नाही.

पाळकसाहेबांनी त्याच ओघात 'नवा करार' म्हटले असेल. येशूचे चरित्र लिहिणाऱ्या मत्तय, मार्क, लूक यांच्या सांगण्याप्रमाणे येशूचे शेवटचे भोजन वल्हांडणाचेच होते, आणि लूकमध्ये तिथेच प्याल्याला त्याच्या रक्तातला नवा करार म्हटले आहे. आपल्याला करार म्हटले की भाड्याचा किंवा ऊसतोडणीचा आठवतो. हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात'. तोडणीवाल्यांना हे ऐकून बरे वाटेल.

जाता जाता जेवणाचे. त्या रात्री बेखमीर भाकरी खायची असते. ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला हे विशेषण फुकटचे वाटेल, कारण भाकरीत खमीर घालतो कोण? कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी याच सणाला 'अनाशी ढाकाचा सण' असे नाव दिले होते. आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवायचे, म्हणून हे नाव.

आणि हो, लिहिताना शेवटी 'ण' हवा. 'वल्हांडन' नको.