दिलेली तारीख

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मंगळवारी मिळाले. दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण पहिल्या वाचनात मला राग आला होता आणि रागात लिहिलेला कागद तुझ्या हाती पडू नये असे वाटले. तू विचारतेस, 'मालिका घेऊ की नाटक करू?' आणि त्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर जाता जाता लिहितेस, की डिसेंबरातल्या नागपूर, अमरावती, अकोला या दौऱ्याच्या तारखा तू देऊन बसली आहेस, पण मालिकेवाल्यांना महिन्याचे २५ दिवस हवे असल्यामुळे 'त्यांचे काय करायचे ते बघू'. माझा सगळा राग या 'बघू'वर आहे. मालिका मोठी की नाटक मोठे, हा वाद मला तुझ्याशी घालायचाच नाही. नुसत्या नाटकाच्या नाइटवर, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांवर, मुंबईत खोलीचे भाडे निघत नाही, हे मी तुझ्याआधी अनुभवले आहे. मालिका जरूर घे. मात्र दिलेली तारीख मोडायची नाही.

तारीख म्हणजे काय, हे तुला तुझ्या बाजूनेच दिसते आहे. तू डायरीत एक चौकोन रंगवतेस आणि तो पुसता येईल असे तुला वाटते. त्याच चौकोनावर निर्मात्याने काही महिने आधी नाट्यगृहाचे पैसे भरलेले असतात, गावच्या कंत्राटदाराने जाहिरात दिलेली असते, टेम्पो ठरलेला असतो, आणि प्रकाशयोजनेपासून कपडेपटापर्यंत दहा-बारा माणसांची त्या रात्रीची कमाई त्यावर अवलंबून असते. प्रयोग झाला तर त्यांना नाइट मिळते, झाला नाही तर मिळत नाही. तुला मालिकेचे पैसे तीन महिन्यांनी का होईना येतील. त्यांच्याकडे पडदा उघडण्यावाचून दुसरे काही नसते.

हे मी कुठे शिकलो ते आजवर फारसे कोणाला सांगितलेले नाही. पस्तीसेक वर्षांपूर्वी माझे एक दोन अंकी नाटक चांगले चालले होते आणि एका रविवारी दुपारी चारला तालुक्याच्या गावी प्रयोग होता. शुक्रवारी कोल्हापूरकडच्या एका चित्रपटाचे बोलावणे आले. काम दोन दिवसांचे, पण नायकासमोरचे. मी शनिवारी रात्री कोल्हापूरची गाडी धरली आणि रविवारी पहाटे तिथून व्यवस्थापकाला फोन करून घसा बसल्याचे सांगितले. फोनवर आवाज बसल्यासारखा काढण्याइतका अभिनय मला तेव्हा येत होता. नेपथ्याचा टेम्पो आदल्या रात्रीच निघून गेला होता. त्या गावात नेपथ्य लागले, दिवे लागले आणि तीन वाजता सगळे पुन्हा उतरवले गेले. आसपासच्या खेड्यांतून एसटीने आलेल्या लोकांना तिकिटाचे पैसे परत देऊन हात जोडावे लागले. तिकडे चित्रीकरणस्थळी मी फेटा बांधून दिवसभर एका बाजेवर बसून राहिलो, कारण नायक आलाच नाही. दुसऱ्या दिवशी माझे दोन शॉट घेतले. चित्रपटात त्यातला एक राहिला, तोही पाठमोरा.

पुढच्या प्रयोगाला मला कोणी काही बोलले नाही. आमच्या कपडेपटावर एक वयस्कर काका होते. दुसऱ्या अंकातल्या माझ्या कोटाचे मधले बटण आधीच्या प्रयोगात तुटले होते. त्यांनी कोट माझ्या खांद्यावर चढवला, पुढे येऊन ते बटण स्वतःच्या हाताने लावले आणि म्हणाले, "घट्ट बसवलंय. त्या रविवारीच बसवून ठेवलं होतं." बटणाचा दोरा काळा हवा होता, त्यांच्याकडे तपकिरी होता, म्हणून त्यांनी तो चार पदरी घेऊन वरून काळ्या शाईचे बोट फिरवले होते. त्या दुपारी, प्रयोग होणार नाही हे कळण्याआधी, ते गृहस्थ माझ्यासाठी हे करत बसले होते. पुढचे कित्येक प्रयोग दुसऱ्या अंकाच्या एंट्रीला माझा हात आधी त्या बटणाकडे जाई.

त्यानंतर मी एकही तारीख मोडलेली नाही. लोक मला आडमुठा म्हणतात, ते तुझ्याही कानावर आले असेल. एका मोठ्या हिंदी चित्रपटातली भूमिका मी सात प्रयोगांसाठी सोडली आणि ती ज्याला मिळाली त्याला आज देश ओळखतो. त्याचे मला वाईट वाटत नाही, हे मी अनेकांना सांगितले आहे आणि ते खरे आहे. सात प्रयोगांतले दोन हाउसफुल होते, एकाला जेमतेम साठ माणसे होती, पण सातही झाले. धाकट्या मुलीचा जन्म झाला त्या संध्याकाळी मी दादरला शिवाजी मंदिरात तिसऱ्या घंटेची वाट पाहत होतो. पत्नीने त्यावरून मला कधी बोल लावला नाही, पण तिने तो विषयही कधी काढला नाही, आणि त्याचा अर्थ मला कळतो. तू म्हणशील, इथे सर चुकले. त्या दिवशी सकाळपासून बुकिंगला रांग होती आणि माझ्या जागी उभे राहील असे दुसरे कोणी नव्हते. मी काय करायला हवे होते, ते मला आजही कोणी सांगू शकलेले नाही.

बालगंधर्वांनी १९११ साली, मुलगी गेली त्याच दिवशी, 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगात भामिनी उभी केली, ही हकीकत आपल्याकडे प्रत्येक नवोदिताला ऐकवली जाते. मी ती तुझ्यापुढे आदर्श म्हणून ठेवणार नाही. आजारपण आले, घरात दुःख झाले, तर निर्मात्याला खरे कारण सांग. या धंद्यातली माणसे इतकी निर्दय नाहीत. मी बोलतो आहे ते अधिक चांगले बोलावणे आले म्हणून मोडलेल्या तारखेबद्दल.

आता डॉक्टर लागूंबद्दल. तू लिहिलेस, 'त्यांनी नाही का चांगली डॉक्टरकी सोडून उडी घेतली, मग मी का भ्यायचे?' हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवले. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेले डॉ. श्रीराम लागू १९६९ साली पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते आणि पुण्यात भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये व पुढे मुंबईत 'रंगायन' या नाट्यसंस्थेमध्ये वर्षानुवर्षे, वैद्यकी सांभाळून, त्यांनी नाटके केलेली होती. त्याला उडी म्हणत नाहीत. डिसेंबर १९७० मध्ये 'नटसम्राट' आले, १९७२ मध्ये 'पिंजरा'तला मास्तर आला, मग हिंदी चित्रपटांची रांग लागली, आणि तरी रंगभूमी सुटली नाही. आत्मचरित्राला त्यांनी 'लमाण' असे नाव दिले. लमाण म्हणजे दुसऱ्याचा माल पाठीवर घेऊन ठरल्या ठिकाणी पोचवणारा. त्या शब्दावर थोडा वेळ थांब. माल नाटककाराचा आहे, वाट बघणारा प्रेक्षक आहे, आणि तू अकोल्याच्या वाटेवर गोणी खाली टाकून दुसऱ्या गावाला निघाली आहेस.

आणखी एक सांगायचे आहे, कारण तुला वाटेल की देहाने हजर राहिले म्हणजे झाले. मुंबईत मढला मालिकेच्या सेटवर बारा-तेरा तास काम करून, छातीवरच्या छोट्या माईकला पुरेल एवढ्याच आवाजात दिवसभर बोलून, डोक्याला मालिकेचाच आंबाडा ठेवून तिसऱ्या घंटेला विंगेत पोचणारी नटी मी पाहिली आहे. तिचे वाक्य पाचव्या रांगेच्या पुढे जात नाही. क्लोज-अपच्या सवयीने ती डोळ्यांनी उत्तर देते आणि बाल्कनीतल्या माणसाला ती गप्प उभी असल्यासारखी दिसते. तीही तारीख मोडल्यातच जमा आहे. मी स्वतः एका हंगामात सहा महिने असे केले आणि त्या प्रयोगांबद्दल मला आज काहीही आठवत नाही, एकही हशा नाही, एकही शांतता नाही.

तुला मी पहिल्यांदा पाहिले ते पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या वेळी, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात. डाव्या कडेच्या खुर्चीवरून मला विंगेचा एक तुकडा दिसत होता. रंगमंचावर दुसरीच मुलगी बोलत होती आणि तू आत अंधारात उभी राहून तिच्या प्रत्येक वाक्याला ओठ हलवत होतीस, जणू ती अडली तर सावरायला तू तिथे आहेस. बक्षीस तुला मिळाले नाही, पण या मुलीवर विसंबता येईल असे मला त्या दिवशी वाटले. म्हणूनच तुझे ते 'बघू' मला इतके लागले.

तेव्हा आता असे कर. मालिकेच्या करारावर सही करण्याआधी दौऱ्याच्या आणि शनिवार-रविवारच्या प्रयोगांच्या तारखा त्यात लिहून घे. 'आपण अॅडजस्ट करू' असे तोंडी आश्वासन देणारा माणूस वाईट नसतो, पण आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपली की त्याच्या हातात काही उरत नाही. उद्याचा भाग आज चित्रित करायचा असतो आणि तुझी सुट्टी सर्वांत आधी जाते. ते लिहून द्यायला तयार नसतील, तर नाटकाच्या निर्मात्याकडे जाऊन डिसेंबरनंतर मला मोकळे करा असे आजच सांग, म्हणजे तुझ्या जागी येणाऱ्या मुलीला तालमीला दोन महिने मिळतील. त्यात कमीपणा नाही, तो तुझा हक्क आहे. डिसेंबर मात्र तुझाच. तो दिलेला आहे.

हे ऐकून मालिका हातची गेली तर? जाईल. माझी सोडलेली भूमिका दुसऱ्याला गेली, तशी जाईल. रडू आले तर रड, पण फोन कर आणि रड, मला पुन्हा तिसऱ्या पानावर लपवून लिहू नकोस.

दिलेल्या सगळ्या तारखा गावांच्या नावांसह एका कागदावर उतरवून परवापर्यंत मला पाठव. मालिकेवाल्यांशी बोलायला बसण्याआधी मला त्या एकदा पाहायच्या आहेत. आणि तुमच्या कपडेपटावर सध्या कोण असते, तेही कळव.

तुझा,
सर