जेवायला हाक मारण्याआधी विचारा, ‘मोड कुठला?’

गेल्या अंकात बोलता बोलता काउंटर-स्ट्राइकची (एक संघ बॉम्ब लावतो, दुसरा अडवतो, असा बंदुकांचा कॉम्प्युटर गेम) एक जुनी आठवण लिहिली आणि नेहमीचे प्रिंटर-राऊटरचे प्रश्न बाजूलाच पडले. यावेळची सगळी पत्रं त्याच गेमवर आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, २००२ ते २०११ मी कोल्हापुरात राजारामपुरीत दहा मशीनचं सायबर कॅफे चालवलं. तासाला पंधरा रुपये, पुढे वीस. मी स्वतः बरा खेळणारा कधीच नव्हतो, पण नऊ वर्षं पोरांच्या पाठीमागे उभं राहून पाहिलंय.

माझा मुलगा नववीत आहे. काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. जेवायला बोलावलं की ‘आई, मधे सोडता येत नाही’ हे ठरलेलं उत्तर. मधे सोडता येत नाही असा कुठला खेळ असतो? थाप मारतोय ना? — एक आई, मिरज

ताई, थाप असेल किंवा नसेलही. तो कुठल्या मोडमध्ये, म्हणजे गेममधल्या कुठल्या खेळप्रकारात आहे, त्यावर आहे.

डेथमॅच चालू असेल तर थाप आहे. दहा मिनिटांचा डाव असतो, मेलं की लगेच दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा उभं. तो उठला तर कुणाचं काही अडत नाही. कॅज्युअलमध्ये दहा विरुद्ध दहा, तिथंही कुणी गेलं-आलं तरी चालतं. पण कॉम्पिटिटिव्ह किंवा प्रीमियर म्हणाला, तर पोरगं खरं बोलतंय. तिथं पाच विरुद्ध पाच असतात, आणि एक उठला की मागचे चार शिव्या देत अर्धमेले खेळतात. एरवी जास्तीत जास्त २४ राउंड (प्रीमियरमध्ये बरोबरी झाली तर आणखी), आधी १३ जिंकेल तो संघ विजयी. राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा, त्यात बॉम्ब लागला तर आणखी ४० सेकंद, शिवाय प्रत्येक राउंडआधी खरेदीला १५ सेकंद. कागदावर हिशोब तासाच्या वर जातो, प्रत्यक्षात बहुतेक वेळा पाऊण तासाच्या आत आटपतं. मधेच उठला तर गेम त्याला शिक्षा करतो. पहिल्यांदा अर्धा तास बंदी, मग दोन तास, मग पूर्ण दिवस, मग आठवडा.

तेव्हा पोळी तव्यावर टाकल्यावर हाक मारू नका. कणीक मळायला घेतानाच विचारा, ‘मोड कुठला आणि स्कोअर किती?’ अकरा-चार म्हणाला तर भाजीला फोडणी द्यायला हरकत नाही. दहा-दहा म्हणाला तर तुम्ही जेवून घ्या. विंगमन नावाचा दोघांविरुद्ध दोघांचा मोड आहे, तो नऊ राउंड जिंकले की संपतो. शाळेच्या दिवशी तोच खेळ असं ठरवून घेतलंत तर रोजची भांडणं कमी होतील.

आणि एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो. या मालिकेवर अमेरिकेत १७ वर्षांवरच्यांसाठी आणि युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे. नववीतलं पोर त्यात बसत नाही. एकदा शेजारी खुर्ची ओढून पूर्ण डाव बघा आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

डेथमॅचमध्ये मी जवळजवळ रोज पहिल्या तिघांत असतो. नेम चांगला आहे. पण कॉम्पिटिटिव्हला बसलो की पहिल्याच मिनिटात आउट, आणि बाकीचा राउंड नुसता बघत बसतो. मित्र म्हणतात तू ओझं आहेस. काय चुकतंय? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जळगाव

तुझ्यासारखी दहा-बारा पोरं माझ्याकडे रोज यायची. आम्ही त्यांना ‘आइसवर्ल्डवाले’ म्हणायचो. आइसवर्ल्ड म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या १.६ या जुन्या आवृत्तीतला चिमुकला नकाशा, म्हणजे खेळायची जागा. बर्फाचे चार ठोकळे, बंदुका जमिनीवरच पडलेल्या, राउंड सुरू होताच समोर शत्रू. तिथं ही पोरं वाघ होती. त्यांना डस्ट २ या मोठ्या नकाशावर बसवलं की ‘लाँग’ नावाच्या लांब वाटेच्या दारातून धाडधाड पळत जायची आणि कोपऱ्यात दबून बसलेल्या कुठल्यातरी शांत पोराच्या हातून पडायची. मग ‘कॅम्पर, कॅम्पर’ म्हणून बोंब. दबून बसणं हा त्या मोडमधला गुन्हा नाही रे, नोकरी आहे.

डेथमॅचमध्ये मरणाची किंमत दोन सेकंद. कॉम्पिटिटिव्हसारख्या बॉम्बच्या मोडमध्ये मरणाची किंमत उरलेला अख्खा राउंड, हातातली बंदूक आणि संघातला पाचवा माणूस. बंदूक तीच, नकाशा तोच, पण एवढ्यानं खेळच बदलतो. तुझा नेम डेथमॅचनं घडवला, आणि तुझे पायही डेथमॅचनंच बिघडवले. तिथं पळण्याचा आवाज कुणी मोजत नाही, कारण चहूकडून आवाज येतच असतात. इथं तुझे बूट दोन भिंतींपलीकडच्याला ऐकू जातात. शिफ्ट दाबून चाल. हेडफोनमध्ये गाणी असतील तर बंद कर.

दुसरं म्हणजे घड्याळ. हे नीट समजून घे, कारण अर्ध्या पोरांना वर्षानुवर्षं कळत नाही. तू काउंटर-टेररिस्ट, म्हणजे बॉम्ब अडवणारा असशील तर तुला कुणालाही मारायची सक्ती नाही. वेळ संपेपर्यंत बॉम्ब लागला नाही तर राउंड तुझा. म्हणजे पहिली १ मिनिट ५५ सेकंदं घड्याळ तुझ्या बाजूनं आहे. बॉम्ब लागला की ते पक्ष बदलतं. आता ४० सेकंद त्यांचे. बॉम्ब निकामी करायला १० सेकंद लागतात, त्यासाठीचं किट असेल तर ५. किट गेममधल्या ४०० डॉलरला मिळतं आणि तू ते घेत नसणार, पैज लावतो. आमच्याकडंही कुणी घ्यायचं नाही. सगळ्यांना एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक पाहिजे, ४७५० डॉलरची.

तिसरं, पैसे. डेथमॅचमध्ये बंदुका फुकट. इथं ८०० डॉलरनं सुरुवात होते आणि एके-४७ पडते २७०० ला. हरणाऱ्यालाही गेम पैसे देतो, आणि सलग हरत गेलात तर ती रक्कम वाढत वाढत राउंडला ३४०० पर्यंत जाते. म्हणून पाचही जण एखादा राउंड मुद्दाम कंगालासारखा, नुसत्या पिस्तुलावर काढतात आणि पुढच्याला सगळे एकदम भरलेले येतात. त्याला इको म्हणतात. त्या राउंडला तू एकट्यानं उरलेसुरले पैसे घालून बंदूक घेतलीस की मित्र तुला ओझं म्हणणारच. तुझ्या नेमाबद्दल ते बोलतच नाहीयेत.

महिनाभर असं कर. बसल्यावर पंधरा मिनिटं डेथमॅच, हात मोकळे व्हायला. बास. मग विंगमन. माणसं दोनच असल्यानं दुसऱ्याशी बोलावंच लागतं, आणि तुला त्याचीच सवय नाही. आणि मेल्यावर नुसतं बघत बसू नकोस. जिवंत असलेला काय ऐकतोय, कुठल्या कोपऱ्याकडे तोंड करून उभा आहे, ते बघ. माझ्याकडचा सगळ्यात चांगला खेळाडू पैसे नसले की तासन् तास दुसऱ्यांच्या मागे उभा राहून फुकट बघायचा. मी त्याला हाकलायचो, ते चुकलंच माझं.

मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली. नातू म्हणतो, आजोबा, हा गेम म्हणजे तुमची फौजच. मी अर्धा तास पाहिलं. मला त्यात फौज काही दिसली नाही. तुम्हाला दिसते का? — निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

सुभेदारसाहेब, नमस्कार. नाही दिसत. शत्रू मारला की खात्यात डॉलर जमा होतात आणि दर दोन मिनिटांनी मेलेले उठून नवी बंदूक विकत घेतात, याला फौज म्हणणं अवघड आहे. काउंटर-स्ट्राइक हा लष्करी कपडे घातलेला लपाछपीचा आणि सट्ट्याचा खेळ आहे. उत्तम खेळ आहे, पण तेवढाच.

नातवाला मात्र एक गंमत सांगा. अमेरिकेच्या लष्करानं भरतीसाठी स्वतःच एक गेम काढला होता, अमेरिकाज आर्मी. ४ जुलै २००२ ला आला, फुकट होता, २०२२ मध्ये बंद केला. त्यात आधी फोर्ट बेनिंगच्या फायरिंग रेंजवर पास व्हावं लागायचं. मेडिक व्हायचं तर वर्गात बसून प्रथमोपचाराचं व्याख्यान ऐकायचं आणि चक्क लेखी परीक्षा द्यायची. माझ्या कॅफेतली पोरं त्या वर्गातच गेम सोडून पळाली, पंधरा रुपये देऊन कोण तास करणार? आपल्याच माणसाला गोळी घालत सुटलं तर खेळाडू थेट फोर्ट लेव्हनवर्थच्या कोठडीत दिसायचा. आणखी एक, दोन्हीकडच्या खेळाडूंना आपण अमेरिकी सैनिकच दिसायचो आणि समोरचा शत्रू. म्हणजे शत्रू होऊन खेळायची सोयच नव्हती. भरतीचा गेम म्हटल्यावर तसंच होणार.

आणि जमीन धरून ठेवणं हे फौजेचं खरं काम ज्यात थोडंफार येतं तो मोड म्हणजे बॅटलफिल्डमधला कॉन्क्वेस्ट. पहिला बॅटलफिल्ड २००२ चा, नकाशावर ६४ जण. झेंडे रोवलेली ठाणी असतात. दोन्ही बाजूंना ठरावीक तिकिटं, म्हणजे उरलेले जीव, कुणी मेलेला परत आला की एक कमी. पण जास्त ठाणी तुमच्या हातात असली तर गोळी न झाडताही समोरच्याची तिकिटं गळत राहतात. तिथं नुसतं ठाण्यावर बसून राहणाऱ्याला मोल आहे. नातवाला तो बसवायला सांगा आणि तुम्ही नकाशा बघून सांगत जा, कुठलं ठाणं आधी. तुमचा संघ जिंकेल असं मला वाटतं.

जुन्या काउंटर-स्ट्राइकमध्ये व्हीआयपीचा मोड होता असं ऐकलं. खरंच होता का? गेला कुठे? — वाचक, डोंबिवली

होता. १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी हाफ-लाइफ या आधीच्या गेमवर हा खेळ चढवला. त्यातल्या नकाशांच्या नावापुढची अक्षरं मोड सांगायची. ‘डीई’ म्हणजे बॉम्ब, ‘सीएस’ म्हणजे ओलीस सोडवणं, ‘एएस’ म्हणजे व्हीआयपी. एका खेळाडूला गेम स्वतःच व्हीआयपी करायचा. अंगावर दुप्पट चिलखत आणि हातात फक्त पिस्तूल, बंदूक विकत घ्यायला मनाई. बाकीच्यांनी त्याला सुटकेच्या जागेपर्यंत पोचवायचं. आमच्याकडं ऑइलरिग नावाच्या नकाशावर कुणाच्या नशिबी व्हीआयपी आला की ‘आयला, लगीन लागलं माझं’ असा आवाज यायचा. पुढं उभं राहून मारायला सगळे तयार, सांभाळून घेतलेला माणूस व्हायला कुणी तयार नाही. मग तो मोड मागं पडला आणि पुढच्या ‘सोर्स’ आवृत्तीत आलाच नाही. मला स्वतःला तो सगळ्यात आवडायचा.

गेल्या अंकात तुम्ही लोडशेडिंगच्या राउंडची आठवण लिहिलीत. तिथं बाहेर एके घेऊन उभा होतो तो मी! तुम्ही लिहिलंत की आत बॉम्बवर बसलेला वाचला असता. नसता वाचला. त्याच्याकडं किट नव्हतं. दहा थम्सअपची पैज होती, अजून मिटलेली नाही. — जुना गिऱ्हाईक, सध्या पुणे

अरे लेका, कुठं आहेस! ज्यांनी गेला अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००६ चा उन्हाळा, संध्याकाळी लाइट गेली, दहाही मशीन यूपीएसवर. डस्ट २, ‘बी’ नावाच्या जागेवर बॉम्ब लागलेला. आमचा एकच काउंटर-टेररिस्ट जिवंत, बाहेर हे महाशय आणि यांचा एक जोडीदार. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या जनरेटरच्या घरघरीत पावलं ऐकू येईनात. यूपीएस कुईं कुईं करतोय, बॉम्ब टिकटिक करतोय, कुठला आवाज कुणाचा कळेना. त्या पोरानं निकामी करायचं बटण दाबून लगेच सोडलं, नुसता आवाज व्हावा म्हणून. यांच्या जोडीदारानं डोकावलं, तो पडला. मग पोरगं खरंच बॉम्बवर बसलं, आणि यूपीएस संपला. दहाही पडदे आकसून मधे एक पांढरा ठिपका, मग अंधार. रात्री अकरापर्यंत मेणबत्तीच्या उजेडात भांडण.

आता तुला एक सांगतो, जे तेव्हा सांगितलं नव्हतं. सर्व्हर माझ्या काउंटरच्या मशीनवर होता आणि त्याला वेगळा यूपीएस होता. तुमचे पडदे गेल्यावर माझा चालूच होता. त्यात सर्व्हरची नोंद ओळीओळीनं येत राहायची. शेवटून दुसरी ओळ होती, किटसह निकामी करायला सुरुवात. म्हणजे किट होतं, तू हरलास. पण मशीनच बंद पडल्यावर बटण धरून ठेवायला कोण होतं? काही सेकंदांनी शेवटची ओळ आली, बॉम्ब फुटला. म्हणजे राउंड तुमचा.

मी पडदा बंद केला आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दहाही जण भांडण मिटवायला आले होते आणि चार तास बसले होते.

पाच थम्सअप तू आण, पाच त्याला आणायला सांग.