कराडच्या ताईंना, निघण्याआधी

ताई, तुम्ही विचारलंत की जर्मनीत पोस्टडॉक मिळतेय, काम अल्कली धातूंच्या (रुबिडियमसारख्या) वाफेच्या सेलना, म्हणजे ती वाफ भरलेल्या बंद काचेच्या कुप्यांना, आतून उष्णता सोसणारं कोटिंग देण्याचं, मुलगा दुसरीत आहे, तर येऊ का? मी सांगलीचा, गावभागातला. हेच काम इथे जर्मनीत बारा वर्षं करतोय. व्हिसा, विमा, पगाराचं सगळं वकिलातीच्या पानावर मिळेल, ते सोडून लिहितो.

आधी काम. लेसरने अणू एका दिशेला लावून घ्यायचे, आणि उघड्या काचेवर एकदा आपटले की ती दिशा गेली. पॅराफिनचं मेण लावलं तर हजारो धडका निभतात, हे १९५८ पासून माहीत आहे. पण ८० अंशांच्या आसपास पॅराफिन हात टेकतं, आणि दाट वाफेचे मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारी यंत्रं, १५० अंशांवर चालतात. म्हणून ओटीएस नावाचं कोटिंग. हा सिलेनचा, म्हणजे सिलिकॉनच्या संयुगाचा, रेणू काचेला रासायनिक बंधाने धरतो. तो १७० अंशांपर्यंत टिकल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं, चांगल्या सेलमध्ये धडका दोन हजारांपर्यंत.

त्या 'चांगल्या' शब्दात तुमची वर्षं जातील. एकाच बाटलीतून, एकाच दिवशी केलेल्या पाच सेलपैकी दोन उत्तम निघतात आणि तीन वाया जातात. बाटलीत दमट हवा शिरली की रेणू काचेला धरण्याऐवजी एकमेकांनाच चिकटतात, आत पांढुरकी साय दिसते. शेवटी सेलचा देठ, म्हणजे धातू आत सोडायची काचेची नळी, ज्योतीने बंद करताना जवळचं कोटिंग जळतं ते वेगळंच. म्हणून सही करण्याआधी एकच विचारा: काचकाम करणारा माणूस त्यांच्याच इमारतीत आहे का? नसेल तर प्रत्येक सेलसाठी महिनाभर वाट बघाल.

कागदपत्रांचं माझं एकच दुखणं. मुलीच्या जन्मदाखल्यावर माझ्या नावापुढे 'राव' होतं, पासपोर्टवर नव्हतं. त्या दोन अक्षरांनी अकरा आठवडे खाल्ले. काउंटरवरची बाई दर वेळी म्हणायची, हे दोन वेगळे गृहस्थ आहेत. निघण्याआधी घरातल्या सगळ्यांचे दाखले शेजारी शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा.

एकटेपणाचंही विचारलंत. वाटतं. गणपतीत आणि कृष्णेला पूर आला की जास्त. घरी फोन करायचा आणि झोपायचं.

शाळेचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं याची शिफारस वर्गशिक्षिका करते. आमच्या मुलीच्या वेळी ती बैठक गुरुवारी होती. माझे चार सेल भट्टीत होते. देठ बाकीच्या सेलपेक्षा थंड ठेवावा लागतो, नाहीतर धातू कोटिंगवर जमतो, आणि त्या दिवशी तापमानाचा कंट्रोलर धड चालत नव्हता. मी थांबलो. बायको एकटी गेली, तेव्हा तिचं जर्मन दुकानापुरतं. बाईंनी सांगितलं, मुलगी अबोल आहे, गिम्नाझियुम, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, झेपणार नाही.

अबोल! सांगलीत तिची बडबड थांबावी म्हणून आजी तिच्या हातात भडंगाची वाटी द्यायची. गणितात ती वर्गाच्या पुढे होती. मी गेलो असतो तर वही उघडून दाखवली असती. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. भागाकाराचं पान, आणि प्रत्येक उत्तराशेजारी तिने स्वतःच पेन्सिलीने मराठीत लिहिलेलं 'बरोबर'.

आमच्या राज्यात शेवटचा शब्द पालकांचा असतो, शिफारस नाकारता येते, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तोवर तीच म्हणाली, बाबा, आता नको, इथे मैत्रिणी झाल्यात. चारपैकी एक सेल चांगला निघाला. त्यावर पेपर झाला, माझी नोकरी टिकली. तिने मला कधी काही म्हटलं नाही, आणि मीही हे तिला अजून सांगितलेलं नाही.

या, ताई. काम खरंच सुंदर आहे. मुलगा दुसरीत आहे म्हणजे तुमच्या हातात दोन वर्षं आहेत. चौथीच्या बैठकीची तारीख शाळेतून आधी घ्या आणि त्या आठवड्यात भट्टी लावू नका. राज्य कोणतं ते कळवा, तिथला नियम मी आजच काढून ठेवतो.