ऑप्शनल कुठला घेऊ? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

यूपीएससीचा निकाल लागला की कोल्हापुरात दसरा चौकापासून राजारामपुरीपर्यंत सगळ्या अभ्यासिकांत एकच विषय, अमक्या टॉपरचा ऑप्शनल, म्हणजे मुख्य परीक्षेला (मेन्सला) स्वतः निवडायचा विषय, कुठला होता. मला आलेले बहुतेक प्रश्न पण तसलेच आहेत. आधी एक हिशोब डोक्यात ठेवा, मेन्सचे मेरिटला धरले जाणारे मार्क 1750, त्यातले 500 एकट्या ऑप्शनलचे, म्हणजे 275 च्या इंटरव्ह्यूपेक्षा कितीतरी जास्त. एवढी मोठी गोष्ट दुसऱ्याच्या मार्कशीटवरून ठरवायची नाही.

मॅडम, मी बीई मेकॅनिकल आहे. सगळे म्हणतात सोशॉलॉजी घे, सिलॅबस छोटा आहे, जीएसला (सामान्य अध्ययनाला) पण उपयोग होतो. मेकॅनिकल सोडू का? (कागल)

छोटा आहे हे खरं, आणि जीएसच्या पहिल्या पेपरला आणि निबंधाला मदत होते हे पण खरं. पण तुला वाचायला आवडतं का हे तू लिहिलंच नाहीस. पहिल्या पेपरला मार्क्स, दुर्खीम, वेबर, दुसऱ्याला घुर्ये, श्रीनिवास, ए. आर. देसाई, आणि या समाजशास्त्रज्ञांचं म्हणणं आजच्या समाजाला लावून दाखवायचं असतं, नुसती पाठ केलेली व्याख्या चालत नाही. उलट मेकॅनिकलमध्ये थिअरी ऑफ मशीन्स, हीट ट्रान्सफर, रेफ्रिजरेशन, गणित बरोबर आलं तर परीक्षकाला मार्क कापायला जागा नाही, पण जीएसला त्याचा काडीचा उपयोग नाही आणि प्रॅक्टिस सुटली की हाताची सवय जाते. यूपीएससीच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत. दोन्ही विषयांचे काढ, घड्याळ लावून एकेक उत्तर लिही. ज्याचं उत्तर लिहून झाल्यावर अजून वाचावंसं वाटलं तो तुझा विषय, मग क्लासवाले काही म्हणोत.

माझं बीए मराठी झालंय शिवाजी विद्यापीठातून. मराठी साहित्य घ्यायचं मनात आहे पण मैत्रिणी म्हणतात, सोपं म्हणून सगळे घेतात आणि मार्क मिळत नाहीत. (गारगोटी)

घे की! पण सोपं म्हणून घेऊ नको. साहित्य घ्यायला त्या भाषेची डिग्री लागत नाही, त्यामुळं बरेच जण मातृभाषा आहे एवढ्या भांडवलावर येतात आणि पहिल्याच पेपरला अडकतात, कारण तिथं कथाकविता नंतर, आधी भाषेचा इतिहास, बोली, व्याकरण, वाङ्मयाचा इतिहास आणि समीक्षा. तू हे तीन वर्षं शिकलीयस. दुसरा पेपर नेमलेल्या पुस्तकांवर, फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा आसूड'पासून उद्धव शेळक्यांच्या 'शिळान'पर्यंत. इथं माझं कळकळीचं सांगणं आहे, गाइडमधला सारांश वाचून उत्तर लिहू नको. मूळ पुस्तक वाच, पेन्सिलनं खुणा कर, आपल्याला काय वाटलं ते समासात लिही. 'शिळान'मधली माणसं कुणाच्या नोट्समधून कळत नाहीत गं. करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी कर, जुनी पुस्तकं विकत घ्यायची गरज पडत नाही बऱ्याचदा. आणि एक मोठा फायदा कुणी सांगत नाही, बाकी ऑप्शनलचे पेपर छापून येतात हिंदी आणि इंग्रजीत, मराठीत उत्तर लिहिणाऱ्याला आधी प्रश्न समजून घ्यावा लागतो मग मराठीत विचार करायचा, तुझं ते ओझं गेलं. जीएसला ओव्हरलॅप कमी आहे, तेवढा वेळ जीएसला वेगळा काढावा लागेल, ते मान्य करूनच ये.

बीएस्सी ॲग्री, घरची ऊसशेती आहे. ॲग्रीकल्चर घेऊ की जॉग्रफी? (गडहिंग्लज)

ॲग्रीकल्चर. माती, पीकपद्धती, तण, कृषी विस्तार, जेनेटिक्स, प्लांट ब्रीडिंग, सगळं तुझ्या डिग्रीतलंच आहे. शेत बघितलंय म्हणून मार्क मिळत नाहीत मात्र, जेनेटिक्स आणि प्लांट फिजिऑलॉजी पुस्तकातूनच करावं लागतं. जॉग्रफीचा नकाशा आणि मॉडेल्स नव्यानं शिकण्यात वर्ष घालवू नको.

मी तलाठी आहे, नोकरी सांभाळून राज्यसेवा करतोय, यूपीएससी पण द्यायचीय. दोन्हीला वेगळा ऑप्शनल ठेवला तर चालेल का? (शाहूवाडी)

चालेल, पण कशाला? 2025 पासून राज्यसेवेची मेन्स पण वर्णनात्मक झालीय, तिथं पण एक ऑप्शनल, दोन पेपर, 500 मार्क. तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्यानं दोन्ही याद्यांत असलेलाच विषय धरावा. दोन्हीकडचा सिलॅबस शेजारी ठेवून फरक मार्करनं रंगवा, एका रविवारचं काम आहे. फेरफार, सातबारा, वारसनोंदी रोज करताय, लोकप्रशासनाचा विचार जरूर करा, प्रशासन सुधारणेवर लिहिताना तुमच्याकडं स्वतःची उदाहरणं असतील.

पहिली मेन्स दिली, ऑप्शनलला फार कमी मार्क पडले. विषय बदलू का? (इचलकरंजी)

आधी दोन पेपरचे मार्क वेगवेगळे बघ. एकात बरे आणि एकात कमी पडले असतील तर विषय नाही, तो पेपर कच्चा आहे. मग आठव, आठपैकी पाच प्रश्न सोडवायचे असतात, पाचही पूर्ण झाले होते का? पहिला आणि पाचवा सक्तीचा असतो, त्यात दीडशे शब्दांची छोटी उत्तरं येतात, ती बरेच जण लांबवतात आणि शेवटचा प्रश्न अर्धा राहतो. असं असेल तर नवीन विषय घेऊनही तेच होणार. पण तो विषय उघडायचाच कंटाळा येत असेल, टेस्ट सिरीज सोडून पळत असशील, तर बदल आणि आत्ताच बदल, प्रिलिम झाल्यावर नाही, कारण तिथून मेन्सपर्यंतच्या थोड्या महिन्यांत नवा विषय होत नाही. आणि घरच्यांना पण तसं आधीच सांगून ठेव.